कामट्यांचा सांगाडा, साठ दिवे: रंग बदलणारा पारंपरिक आकाशकंदील घरी बनवण्याची पूर्ण कृती

लाल पतंगी कागदामागे निळा दिवा लावला तर कागद निळा दिसत नाही, जांभळाही दिसत नाही. तो काळपट दिसतो. लाल कागद लाल उजेड तेवढा बाहेर सोडतो आणि बाकीचा गिळून टाकतो. मी पहिला रंग बदलणारा कंदील केला तेव्हा हे ध्यानात घेतलं नव्हतं. लाल, हिरव्या, पिवळ्या घरांचा नेहमीसारखा कंदील झाला, आत दिव्यांची पट्टी बसवली आणि रंग फिरवायला लागलो, तशी एकेक घरं विझत गेली. दिवे उत्तम चालत होते. चुकला होता तो कागद.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. दिवा रंग बदलणार असेल तर कागद पांढरा. आणि दिव्यांचा गाभा कंदिलातून सुटा काढता आला पाहिजे, कारण कागद दरवर्षी नवा लागतो, दिवे मात्र जपले तर कितीतरी दिवाळ्या चालतात. पुढची सगळी कृती या दोन नियमांभोवती बांधलेली आहे.

या कंदिलातला प्रत्येक दिवा स्वतंत्र आहे. सगळी पट्टी एकाच रंगाची व्हायची गरज नाही. सतराव्या दिव्याला केशरी आणि अठराव्याला फिका पिवळा सांगता येतो. रिमोटवर चालणाऱ्या साध्या रंगीत पट्ट्यांमध्ये हे जमत नाही, म्हणून खरेदी करताना दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका.

आधी आकार समजून घ्या

आपला जुना कंदील चोवीस सारख्या काड्यांचा. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून, एकमेकांच्या कोपऱ्यांना बांधून त्यांची माळ करायची. वरची चार टोकं चार काड्यांनी जोडायची, खालची चार टोकं चार काड्यांनी. झाले सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. वरचा आणि खालचा चौकोन उघडा राहतो, बाकीच्या बारा घरांना कागद.

काडी २० सेंटिमीटरची घेतली तर कंदिलाची उंची २८.३ सेंटिमीटर होते आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर ४०. मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी की, कंदिलाच्या मध्यबिंदूपासून बाराही कोपरे बरोबर एका काडीच्या अंतरावर असतात. सांगाडा सरळ झाला का हे तपासायला वेगळं मोजमाप लागत नाही. मधोमध टेकवलेली एक काडी सगळ्या कोपऱ्यांना पुरली की झालं.

दुसरी गोष्ट त्रासाची आहे. नुसत्या दोऱ्याने बांधलेला हा सांगाडा स्थिर नसतो. हातात धरून दाबला की तो पिळला जातो आणि मिटायला बघतो. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराने याच आकाराच्या या पिळण्याचा पुष्कळ अभ्यास केला होता. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं: त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो, म्हणून सहाही चौकोनांना आधार हवा. वरच्या चौकोनात दोन कर्ण बांधायचे. खालच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत साडेआठ सेंटिमीटरच्या तिरप्या कामट्या, म्हणजे गाभा काढायला मध्ये वाट राहते. उरलेल्या चार उभ्या चौकोनांना कागदच ताणून धरतो. कागद लागेपर्यंत कंदील लुळा वाटला तर घाबरू नका.

पट्टी कोणती घ्यायची

बाजारात सगळ्यात सहज मिळते ती डब्ल्यूएस २८१२बी. ५ व्होल्टवर चालते. पाच मिलिमीटरच्या चौकोनी दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके आणि त्यांना सांभाळणारी इवलीशी चिप, सगळं एकत्र. मीटरला ३०, ६० आणि १४४ दिवे अशा घनतेत ती मिळते. आपल्याला ६० वाली हवी, आणि ती फक्त एक मीटर.

१२ व्होल्टची डब्ल्यूएस २८११ पट्टी दुकानदार बऱ्याचदा पुढे करतात. तिच्यात सहसा तीन-तीन दिव्यांना मिळून एक चिप असते, म्हणजे तीन दिवे एकाच रंगाचे. लांबलचक छतासाठी ठीक आहे, २५ सेंटिमीटरच्या गाभ्यात ते जाड वाटतं. एसके ६८१२ नावाच्या पट्टीच्या आरजीबीडब्ल्यू प्रकारात चौथा, पांढरा ठिपका असतो. तिची उबदार पांढरी आवृत्ती मिळाली आणि खिशाला परवडली तर जरूर घ्या; पणतीसारखा उजेड तिच्यात जास्त खरा येतो. पुढची जोडणी दोन्हींसाठी सारखीच आहे.

एकाच तारेवरून साठ दिव्यांना वेगवेगळा निरोप कसा जातो? पंगतीत पत्रावळींची थप्पी फिरवतात तसा. पहिला माणूस वरची पत्रावळ स्वतःपुढे ठेवतो आणि उरलेली थप्पी शेजाऱ्याकडे सरकवतो. इथे पत्रावळ म्हणजे २४ बिट: हिरव्याचे ८, लालचे ८, निळ्याचे ८. पहिला दिवा आपले २४ ठेवून घेतो आणि बाकी पुढे पाठवतो. प्रत्येक बिटला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिव्याला ३०. साठ दिव्यांचा फेरा दोन मिलिसेकंदांच्या आत संपतो, म्हणून डोळ्याला सगळे एकदम बदलल्यासारखे दिसतात. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते: मधला एक दिवा मेला की त्याच्या पुढची पूर्ण पंगत उपाशी राहते. बिघाड शोधताना हेच कामी येतं.

विजेचं गणित

हा भाग घाईने वाचू नका.

तिन्ही ठिपके पूर्ण पेटले की एक दिवा जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो असं धरतात. साठ दिवे म्हणजे ३.६ अँपिअर, ५ व्होल्टवर १८ वॅट. पण कागदाच्या कंदिलाला इतका उजेड नकोच असतो. पूर्ण पांढऱ्यावर ठेवला तर गॅलरीत बघवत नाही. मी सॉफ्टवेअरमधून दिव्यांना १.५ अँपिअरची मर्यादा घालतो (कशी ते पुढे येतं) आणि दिव्यांना निरोप देणाऱ्या बोर्डासाठी अर्धा अँपिअर वेगळा धरतो. अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट ४ अँपिअरचा घ्यायचा, आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीची खूण बघून. मोबाइलचा जुना चार्जर या कामाला नको.

२३० व्होल्टचा भाग घरातच राहिला पाहिजे. अ‍ॅडॉप्टर आतल्या सॉकेटला, आणि गॅलरीत जाणारी वायर फक्त ५ व्होल्टची. लहान मुलं कंदिलाखाली उड्या मारत असतात, परतीचा पाऊस कधीही येतो. कागद, बांबू आणि पाणी यांच्याजवळ घरगुती वीज आणायचीच कशाला?

मात्र ५ व्होल्टची वायर लांब नेली की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाटेत गळतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२५ ओहम. सॉकेटपासून कंदील ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.२५ ओहम. २ अँपिअर वाहिले की अर्धा व्होल्ट गेला; कंदिलाशी साडेचार उरले. हे चालतं. तीच वायर ४ अँपिअरला एक व्होल्ट खाईल, आणि मग निळा-हिरवा दमतो, लाल तेवढा टिकतो, पांढरा उजेड गढूळ पिवळसर होतो. अंतर यापेक्षा जास्त असेल तर दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या.

अ‍ॅडॉप्टरच्या बाहेर पडताच लाल तारेवर ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज बसवा. सॉफ्टवेअरमधली मर्यादा ही हिशेबाने काढलेली असते, ती प्रत्यक्ष विद्युतधारा मोजत नाही. तार कुठे शॉर्ट झाली तर वाचवणार तो फ्यूजच.

सामान

- डब्ल्यूएस २८१२बी पट्टी, ६० दिवे प्रति मीटर, १ मीटर. गॅलरीसाठी सिलिकॉनचा थर असलेली
- ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, दिव्यांना निरोप हाच देतो)
- ७४एएचसीटी१२५ चिप, १४ पिनांचा सॉकेट, छोटा झिरो पीसीबी (सुटे भाग सोल्डर करायची भोकांची पाटी)
- ३३० ओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा १० व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा कपॅसिटर, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर
- एक इंची चौकोनी अ‍ॅल्युमिनियम नळी, २५ सेंटिमीटर
- तीन पिनांचा जेएसटी कनेक्टर (तारा जोडता-सोडता येणारी छोटी प्लगजोडी), केबल टाय, हीट श्रिंक नळी, इन्सुलेशन टेप
- अ‍ॅडॉप्टर, फ्यूज आणि होल्डर, वायर
- बांबूच्या कामट्या, दोरा, मैदा, पांढरा कागद

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्ली, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं एका फेरीत होतं. अ‍ॅल्युमिनियमची नळी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे तुकड्यांत पडलेली असते. कामट्यांसाठी बुरूड आळी. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी एक चक्कर मारली तर बांधणीच्या चार खुब्या नुसत्या बघून समजतात.

चिप घेताना नाव नीट वाचा. ७४एचसी१२५ नको, ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी१२५ हवी. त्या एका ‘टी’ने काय फरक पडतो ते खाली येतंच.

गाभा

एक मीटर पट्टीचे चार तुकडे करायचे, प्रत्येकी १५ दिव्यांचे, २५ सेंटिमीटरचे. पट्टीवर दोन दिव्यांमध्ये तांब्याच्या टिकल्या असतात आणि त्यांच्या मधून रेघ जाते. कात्री त्याच रेघेवर. नळीच्या चार बाजूंना चार तुकडे. कंदिलात नळी अशी टांगायची की प्रत्येक बाजू एका उभ्या चौकोनासमोर येईल. त्रिकोण दोन चौकोनांच्या मध्ये असल्याने त्यांना दोन्हीकडचा उजेड मिळतो. एका बाजूला केशरी, शेजारच्या बाजूला गुलाबी लावला की मधल्या त्रिकोणात दोघांचं मिश्रण आपोआप उतरतं. मुद्दाम पडदे घालून घरं वेगळी करण्याचा प्रयत्नही मी केला होता. वेगळी झाली, पण कंदील चौकटीच्या जाहिरातीसारखा कोरडा दिसायला लागला. पडदे काढून टाकले.

दिव्यापासून कागद सुमारे १३ सेंटिमीटर लांब राहतो आणि दोन दिव्यांतलं अंतर असतं १.७ सेंटिमीटर. कागद या अंतराच्या कितीतरी पट लांब असल्याने दिव्यांचे ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत, सगळं घर एकसारखं उजळतं.

नळीला आधी सगळीकडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. हे टाळलं तर हमखास फसगत होते, माझी झाली आहे: कापलेल्या टोकाची टिकली अ‍ॅल्युमिनियमला टेकली, ५ व्होल्ट आणि ग्राउंड (म्हणजे विजेची परतीची तार) नळीतून एक झाले, आणि पूर्ण संध्याकाळ कारण शोधण्यात गेली. टेप लावल्यावरच पट्टी चिकटवा. पट्टीच्या मागचा गोंद उन्हाने सुटतो, म्हणून प्रत्येक तुकड्यावर वर, मध्ये आणि खाली केबल टाय हवाच.

पट्टीवर बाण छापलेले असतात. निरोप बाणाच्या दिशेनेच जातो. पहिला तुकडा वरून खाली जाणारा, दुसरा खालून वर, तिसरा वरून खाली, चौथा खालून वर, असा नागमोडी. त्यामुळे डेटाच्या जोडतारा दोन-तीन सेंटिमीटरच्याच राहतात. ५ व्होल्ट आणि ग्राउंड मात्र साखळीने न्यायचे नाहीत. चारही तुकड्यांना वरच्या टोकाला स्वतंत्र लाल-काळ्या तारा देऊन त्या एकत्र जोडायच्या. मग पट्टीच्या पातळ तांब्यातून दाब गळण्याचा प्रश्न उरत नाही.

सोल्डरिंग आधी कधी केलं नसेल तर पट्टीचा एखादा वाया गेलेला तुकडा घेऊन सराव करा. सिलिकॉन नखाने किंवा ब्लेडने टिकलीवरून नीट खरवडा. टिकलीवर फ्लक्स, मग सोल्डरचा छोटा थेंब. तारेच्या टोकालाही सोल्डर पाजा. मग तार थेंबावर ठेवून सोल्डरिंगची इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवायची, बस. जास्त वेळ धरली तर टिकली सुटून येते. थेंब चमकदार आणि पसरलेला दिसला तर जोड पक्का. राखाडी गोळी झाली असेल तर परत करा.

सगळं झालं की मल्टिमीटर बीपवर ठेवून तीन गोष्टी तपासा. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये बीप वाजता कामा नये. यांपैकी कोणतीही तार आणि नळी यांच्यातही नाही. आणि एका तुकड्याचा डेटा-बाहेर पुढच्या तुकड्याच्या डेटा-आतशी वाजला पाहिजे. ही तपासणी झाल्याशिवाय वीज देऊ नका.

बोर्डाची जोडणी

ईएसपी३२ चा निरोप ३.३ व्होल्टचा. डब्ल्यूएस २८१२बी मात्र आपल्या पुरवठ्याच्या सात-दशांशापेक्षा कमी दाबाला ‘हो’ म्हणायला बांधील नाही. ५ चे सात-दशांश म्हणजे ३.५. पुष्कळदा ३.३ वरही दिवे लागतात, टेबलावर तासभर चालतात, आणि कंदील टांगला की एखाद्या गार रात्री लुकलुकायला लागतात. ७४एएचसीटी१२५ ही चिप ३.३ ऐकते आणि ५ बोलते. नावात ‘टी’ असलेल्या चिपा २ व्होल्टलाच ‘हो’ समजतात. नुसती एचसी चिप मात्र पुन्हा ३.५ मागते, म्हणून ती निरुपयोगी.

जोडणी अशी. चिपची १४ नंबरची पिन ५ व्होल्टला, ७ नंबरची ग्राउंडला, आणि या दोघींच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. पिन १ ग्राउंडला. ईएसपी३२ ची जीपीआयओ ४ ही पिन चिपच्या पिन २ ला. पिन ३ मधून ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि तिथून पट्टीचा डेटा. वापरात नसलेल्या ४, ५, ९, १०, १२, १३ या पिना ग्राउंडला बांधा. ६, ८, ११ मोकळ्या सोडा. ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पांढऱ्या पट्टीची बाजू ग्राउंडकडे. तो उलटा लावला तर फुटतो.

अ‍ॅडॉप्टरचे ५ व्होल्ट बोर्डाच्या ‘५ व्ही’ किंवा ‘व्हीआयएन’ पिनेलाही जातात. बोर्ड, चिप, पट्टी, अ‍ॅडॉप्टर, या चौघांचं ग्राउंड एकच हवं. ते सुटलं की दिवे मनाला येईल तसे रंग दाखवतात. संगणकाला यूएसबीने जोडताना अ‍ॅडॉप्टरची लाल तार बोर्डापासून काढून ठेवा, दोन ठिकाणची वीज एकाच वेळी द्यायची नाही.

हे सगळं एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसतं. डबी वरच्या चौकोनातल्या कर्णांच्या फुलीवर, नळीच्या बाहेर. धातूच्या आत बोर्ड ठेवला तर वाय-फाय मिळत नाही. डबीपासून पहिल्या दिव्यापर्यंतची तार १० ते १५ सेंटिमीटरची, मध्ये जेएसटी कनेक्टर. तो सोडवला की गाभा सुटा.

डब्ल्यूएलईडी बसवणं

कोड लिहायची हौस असेल तर फास्टएलईडी ही लायब्ररी उत्तम आहे. पण कंदिलासाठी मी डब्ल्यूएलईडी हे बोर्डावर बसवायचं तयार सॉफ्टवेअरच सुचवेन. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, आणि घरातलं कुणीही फोनवरून चालवू शकतं.

संगणकावर क्रोम किंवा एजमध्ये डब्ल्यूएलईडीचं अधिकृत इन्स्टॉलर पान उघडा, बोर्ड यूएसबीने जोडा, पोर्ट निवडा, इन्स्टॉल दाबा. केबल नुसत्या चार्जिंगची असेल तर पोर्ट दिसतच नाही. आधी केबल बदलून बघा. बसवून झालं की बोर्ड स्वतःचं ‘डब्ल्यूएलईडी-एपी’ नावाचं वाय-फाय सुरू करतो. पासवर्ड म्हणजे त्याच चार अक्षरांचं लहान रोमन रूप आणि लगेच पुढे १२३४. फोनच्या ब्राउझरमध्ये ४.३.२.१ टाकलं की पान उघडतं. तिथे घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरा. ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झचं जाळंच दिसतं, ५ चं नाही.

मग कॉन्फिग, त्यात एलईडी प्रेफरन्सेस. प्रकार डब्ल्यूएस २८१एक्स, संख्या ६०, पिन ४, रंगक्रम जीआरबी (हिरवा, लाल, निळा), आणि कमाल विद्युतधारा १५०० मिलिअँपिअर. हा शेवटचा आकडा भरल्याशिवाय पांढरा रंग लावून बघू नका.

आता चार बाजू वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून चार सेगमेंट करा: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ४५, ४५ ते ६०. शेवटचा आकडा मोजणीत धरलेला नसतो, म्हणून तो पुढच्या सेगमेंटचा पहिला असतो. पट्टी नागमोडी असल्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या सेगमेंटला ‘रिव्हर्स’ची खूण करा. मग वरून खाली उतरणारा उजेड चारही बाजूंना एकत्र उतरतो.

आवडलेली मांडणी प्रीसेट म्हणून जतन करा आणि ‘सुरू होताना हा प्रीसेट लाव’ या रकान्यात तिचा क्रमांक टाका. लाईट जाऊन परत आली की राउटरला उठायला वेळ लागतो, कंदील मात्र लगेच त्याच रंगात पेटतो. ‘टाइम अँड मॅक्रोज’मध्ये भारतीय प्रमाणवेळ आणि गावाचे अक्षांश-रेखांश भरले की सूर्यास्ताला लागून ठरावीक वेळी मालवण्याची सोय होते. यासाठी इंटरनेट लागतं. ते नसेल तर सुरुवातीचा प्रीसेट आणि भिंतीवरचं बटण पुरेसं आहे.

सांगाडा आणि कागद

कामट्या सहा-सात मिलिमीटर रुंद, गाठी नसलेल्या. चोवीस काड्या २० सेंटिमीटरच्या, दोन २९ च्या कर्णासाठी, चार आखूड. कडा कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने घासा, नाहीतर कागद फाटतो आणि बोटात कुसळ जातं. टोकापासून अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक खाच पाडली की दोरा घसरत नाही. आधी चार चौकोन, मग त्यांची माळ, मग वरच्या आणि खालच्या काड्या, शेवटी कर्ण. प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब.

खळ घरचीच. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत शिजवायचा, पारदर्शक दिसेपर्यंत. झुरळं येऊ नयेत म्हणून बुकबाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलं हाताने खळ लावणार असतील तर घालू नका.

कागदाची निवड हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा. पांढरा पतंगी कागद स्वस्त आणि हलका, उजेड मोकळा सोडतो. आर्किटेक्ट वापरतात तो ट्रेसिंग पेपर उजेड छान पसरवतो, पण दमट हवेत लाटा धरतो. पातळ हातकागद सर्वांत देखणा: दिवसा साधा पांढरा दिसतो आणि रात्री त्यातले धागे रेघारेघांनी उठून येतात. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी हातात घेऊन, फोनचा टॉर्च मागे धरून निवडा.

चौकोनासाठी २२ सेंटिमीटरचे चार तुकडे आणि त्रिकोणासाठी २० बाजूचे, सगळीकडून एक सेंटिमीटर जास्तीचे आठ. कडा खळ लावून काडीवरून आत मुडपायच्या. कागद फार ताणू नका. वाळल्यावर ओल्या कापडाने हलकंसं टिपलं की पातळ कागद सुकताना डफासारखा ताठ होतो. एका तुकड्यावर आधी करून बघा. कडांना सोनेरी पट्टी, कोपऱ्यांना करंज्या, खाली झिरमिळ्या. करंज्या आणि झिरमिळ्या मात्र रंगीतच ठेवा. त्या आतल्या उजेडाच्या वाटेत येत नाहीत, आणि पांढऱ्या कंदिलाला दिवसा सणाचं रूप त्यांनीच येतं.

रंग लावताना

डब्ल्यूएलईडीत शंभराहून जास्त इफेक्ट आहेत आणि पहिल्या दिवशी मुलं सगळे लावून बघतात. बघू द्या. त्यानंतर वेग कमी करा, अजून कमी करा. समोरच्या घरातल्या माणसाला रंग बदललेला कळावा, बदलताना दिसू नये, एवढा संथ.

पणतीसारखा रंग हवा असेल तर लाल २५५, हिरवा १४७, निळा ४१ पासून सुरुवात करा. पट्टीप्रमाणे तो किंचित हिरवट वाटतो. हिरवा दहा-दहाने उतरवत जा आणि कागदाकडे बघून थांबा, फोनच्या पडद्याकडे नाही. ‘कँडल मल्टी’ हा इफेक्ट प्रत्येक दिव्याला वेगळं थरथरवतो. कमी तीव्रतेवर तो तेलाच्या वातीच्या फार जवळ जातो. माझ्याकडे वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत हाच असतो. पाडव्याला चार बाजूंना चार रंग. ब्राइटनेस २५५ पैकी ८० च्या वर मी नेत नाही.

काही अडलं तर

एकही दिवा लागत नसेल तर आधी बाणाची दिशा, मग ग्राउंड, मग जीपीआयओचा क्रमांक. लाल मागितला आणि हिरवा आला तर रंगक्रम बदला. एका ठरावीक दिव्यापुढे अंधार असेल तर दोष त्या शेवटच्या पेटलेल्या दिव्यात किंवा त्याच्या पुढच्यात. दोन्हींमधला जोड दाबून बघा, नाहीतर तेवढा तुकडा कापून नवा बसवा. पंधराव्या, तिसाव्या किंवा पंचेचाळिसाव्या दिव्यापुढे अंधार म्हणजे जवळजवळ नक्कीच सोल्डरचा जोड. सगळे दिवे अधूनमधून लुकलुकत असतील तर लेव्हल बदलणारी चिप आणि ग्राउंड तपासा. पांढरा पिवळसर झाला तर कंदिलाजवळ मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजा. साडेचारपेक्षा कमी असेल तर वायर जाड करा.

टांगणं आणि उतरवणं

वरच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून त्या एका कडीत आणा. वजन दोरीवर आलं पाहिजे, विजेच्या वायरवर कधीच नाही. डबीच्या वर जुन्या डब्याचं झाकण किंवा प्लास्टिकची ताटली पालथी बसवा. वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, आत शिरत नाही. गुंडाळी करून ठेवलेली जास्तीची वायर नको. हवी तेवढीच कापा.

पहिल्या रात्री तासभर चालू ठेवून नळी, डबी आणि अ‍ॅडॉप्टरला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नाही इतकं गरम असेल तर बंद करून जोड तपासा.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला की खालच्या वाटेने हात घालून कनेक्टर सोडवा आणि गाभा ओढून घ्या. कोरड्या ब्रशने धूळ झटकून, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत. डबी आणि अ‍ॅडॉप्टर त्याच पिशवीत, पट्टीचा प्रकार, पिनचा क्रमांक आणि विद्युतधारेची मर्यादा लिहिलेल्या चिठ्ठीसकट. सांगाड्यावरचा कागद ओल्या फडक्याने भिजवला की खळ सुटते. कामट्या सावलीत वाळवून माळ्यावर ठेवा.